शेततळ्यातला सूड

११ नोव्हेंबर, संध्याकाळी

आज ठरलं. गजेंद्रचा माज उतरवायचा.

स्टाफ मीटिंगमध्ये मी माझ्या पीएच.डी.चं सांगून राहिलो होतो. पाण्याखालून आवाजानं मेसेज सोडला की तो तळाले, काठाले, वरच्या पाण्याले आपटून पुन्हा पुन्हा येते. पहिल्या अक्षराचा घुमारा दुसऱ्या अक्षरावर पडते अन् मेसेजचा पार भुगा होते. त्या भुग्यातून मूळ मेसेज निवडून काढणं म्हणजे इक्वलायझेशन. इतकं सांगितलं तं आमचे हेड गजेंद्र म्हणे, स्वप्निल सर, अमरावतीले समुद्र कोणत्या स्टॉपवर लागते? सगळे हसले. शिपाई किशोरही हसला. त्याले तं काही समजलंही नव्हतं.

शिकताना आम्ही एकाच बाकावर होतो. माझ्या असाइनमेंटा उतरवून पास झालेला माणूस. आता हेड आहे अन् माझ्या कमिटीवरही तोच. डिसेंबरच्या रिव्ह्यूत काम दिसलं नाही तं रजिस्ट्रेशन रद्द, असं युनिव्हर्सिटीनं कळवलं आहे. पीएच.डी. गेली की नोकरीही जाते. पण आधी गजेंद्र.

१३ नोव्हेंबर

समुद्र सापडला. दर्यापूर. सारा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणी खारं. म्हणजे समुद्रच, लाटा तेवढ्या नाहीत. सासऱ्यांच्या वावरात शेततळं आहे, हे आधी माझ्या ध्यानात काहून आलं नाही? रश्मीले सांगितलं. ती म्हणे, बोअरचं पाणी खारं म्हणूनच तं बाबांनी पावसाचं गोड पाणी साठवलं. बायकोले रिसर्च समजत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

पाणी चाखलं. गोड निघालं. बाजारातून मिठाची तीन पोती आणून ओतली. एवढ्या तळ्याले काही फरक पडला नाही, मामाजीले पडला. म्हणे, हरबऱ्याचं पानी हाय ते, जवाई नसते तं तुमालेच पोत्यात घालून टाकलं असतं. मोठ्या कामाले विरोध घरातूनच सुरू होते, हे मी वाचलेलं आहे.

२३ नोव्हेंबर

यंत्र तयार. पाण्यात आवाज सोडायले अन् ऐकायले अकोल्याहून बझरच्या चकत्या आणल्या, सिलिकॉन लावून बंद केल्या. एका काठावर पाठवणारा लॅपटॉप, पल्याड ऐकणारा. इक्वलायझरले आधी शिकवावं लागते. ओळखीचं एक वाक्य पाठवायचं, तेच ऐकणाऱ्या लॅपटॉपमध्येही भरून ठेवायचं. दोन्ही ताडून पाहून तो घुमारा ओळखायले शिकते. मग शिकवणी बंद करायची अन् पाहिजे तो मेसेज सोडायचा.

वाक्य बराच वेळ सुचत नव्हतं. शेवटी ‘गजेंद्र गाढव आहे’ ठेवलं. लहान आहे, अन् कामाले हुरूप येते.

३० नोव्हेंबर

मेसेज आला. पहिल्याच फटक्यात, एक अक्षर चुकलं नाही. रश्मी म्हणे, आता दुसरं वाक्य पाठवून पाहा. म्हटलं, आधी हे पक्कं होऊ दे. घाई करायची सवय माहेरची.

७ डिसेंबर

मोटार सुरू, सारं तळं थरथरून राहिलं, तरी रिझल्ट शंभर टक्के. सामान आवरताना समजलं की पाठवणाऱ्याची चकती पाण्यात टाकायचीच राहिली होती. दिवसभर काठावर वाळत पडली होती. तरी पल्याड मेसेज बरोबर. अल्गोरिदमची ताकद म्हणतात ती ही.

प्लॅन: रिव्ह्यूच्या दिवशी मेसेज गजेंद्रलेच टाइप करायले लावायचा. म्हणजे सेटिंग होती म्हणायले तोंड राहणार नाही. माफी मागितली तरी द्यायची नाही. चहाही विचारायचा नाही.

१४ डिसेंबर

गजेंद्र केबिनमध्ये येऊन म्हणे, रिव्ह्यूच्या आधी कोड एकदा मले दाखव, चार डोळे बरे. असाइनमेंटची सवय अजून गेली नाही. पासवर्ड बदलला.

२० डिसेंबर, दुपारी

कमिटीचे बाहेरचे दोन मेंबर माझ्या काठावर, स्क्रीनसमोर खुर्च्यांवर. पल्याड गजेंद्र टाइप करायले, त्याले बटण दाखवायले रश्मी.

पहिला मेसेज आला. गजेंद्र गाढव आहे.

मी चाट पडलो. मले वाटलं, यानं आपल्या हातानं कबुली दिली. माणसाले शेवटी उपरती होते. दुसरा आला, तोच. तिसराही तोच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेंबर लोकांना सांगितलं की हा माझा जुना दोस्त, मनानं साफ आहे. ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहून राहिले. पल्याडून रश्मी आनंदानं हात हलवून राहिली होती. मी अंगठा वर केला.

मग गजेंद्र बांधावरून चालत आला अन् स्क्रीन वाचली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली. अन् गाडीत जाऊन बसला.

२१ डिसेंबर

प्रोग्राम उघडला. शिकवणी बंदच केली नव्हती. पाण्यातून काय येते याच्याशी त्या लॅपटॉपले काही घेणंदेणं नव्हतं. स्वतःजवळचंच वाक्य दाखवून राहिला होता, पहिल्या दिवसापासून. कोड पाहायचा होता तं गजेंद्रनं जरा जोर लावून मागायले पाहिजे होता. चूक त्याचीही आहे.

२६ डिसेंबर

रजिस्ट्रेशन रद्द. निर्णय बाहेरच्या दोघांचा. गजेंद्र त्यातून बाजूला झाला म्हणे, माझ्यावर त्याचा राग आहे असं कोणी म्हणू नये म्हणून. पळपुटा. रश्मीले म्हटलं, याले मी सोडणार नाही.

तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, त्यांनी काय टाइप केलं होतं ते तरी ठाऊक आहे का? पहिला मेसेज होता, काम चांगलं आहे. दुसरा, स्वप्निलले सहा महिने मुदत द्यावी. तिसरा, तोपर्यंत मी सोबत बसतो.

म्हटलं, मग तेव्हाच काहून सांगितलं नाही?

म्हणे, त्या काठावरून गळा फाटेस्तोवर ओरडून राहिली होती, मुदत देऊन राहिले म्हणून. तुमी अंगठा वर केला. मले वाटलं, पोचलं.