शेवटच्या तुकड्याचं अर्धं

सोमवार, १२ जानेवारी
आजपासून साखर बंद. कायमची. आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली, काठावर आहेस सिक्स्टन, पाय घसरला की गेलास. म्हटलं, अख्खी हयात फालून नगरपालिकेच्या पाणी खात्यात काढतोय, काठावर कसं उभं राहायचं ते मला शिकवू नकोस. हसली नाही. टेबलावर तिच्या चॉकलेटची वाटी. शी!

त्यात नात टिंड्राच्या दाढा किडलेल्या निघाल्या. वय सहा. या देशात पोरांना आठवडाभर गोड नाही आणि शनिवारी फावड्याने पिशवी भरून खाऊ. मग दात किडतील नाही तर काय उगवतील? आमची लेक मालिन म्हणाली, शनिवारचा खाऊ बंद. टिंड्रा म्हणाली, आजोबा बंद करेल तरच. हातावर हात मारून ठरलं. मग मालिनने मला बाजूला घेतलं. बाबा, तू काय खातोस ते तुझं तू बघ, पण माझ्या पोरीसाठी घरात गोड आणलंस तर तिचे तुमच्याकडचे शनिवार बंद.

दुखावलो. बापाला एवढंच ओळखते. टिंड्रा शनिवारी सकाळी येते, संध्याकाळी जाते. आमच्या घरात आठवड्यात तेवढंच काहीतरी घडतं.

मंगळवार, १३ जानेवारी
ऑफिसात साडेनऊची कॉफी. दालचिनीचे पाव. नाही म्हटलं. शेजारच्या टेबलाचा बिर्गर म्हणाला, बरं नाही का? ओठांवर साखरेचे कण घेऊन हा माणूस मला तब्येत विचारतो. बोटं चाटून त्याच बोटांनी नकाशे उलगडतात सगळे. किळस आली. अशाने साखर आपोआप सुटेल.

मंगळवार, २० जानेवारी
सेम्ल्यांचा ऊत आलाय. ते खायचा सण फेब्रुवारीत, पण दुकानांत नाताळ संपायच्या आत ढीग. वेलदोड्याचा पाव घ्यायचा, टोपण कापायचं, आत बदामाचा लगदा कोंबायचा, वर दाढीच्या फेसासारखं क्रीम. मोठी माणसं नाकाला फेस लावून खातात. ओकारी येते.

बिर्गरने आज सगळ्यांसाठी आणले. एक उरला. आमच्याकडे माणसाने कर बुडवला तर लोक एक वेळ माफ करतील, पण ताटातला शेवटचा तुकडा उचलला तर नाही. म्हणून एकाने अर्धा कापून घेतला. दुसऱ्याने उरलेल्यातला अर्धा. मीही त्यातला अर्धा घेतला, केवळ सभ्यपणा म्हणून. हे खाणं नव्हे. जे संपलंच नाही ते खाल्लं कसं?

शनिवार, २४ जानेवारी
टिंड्रा आली. गाजरं खाल्ली दोघांनी. गाजर ही घोड्याची वस्तू आहे. टिंड्रा म्हणाली, मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकला नाही म्हटलं, रडू आलं, पण आजोबा पण खात नाही ना, म्हणून थांबलं. म्हणालो, अर्थात. शाबास. माझ्यामुळे पोरीला वळण लागतंय.

गुरुवार, २९ जानेवारी
गुरुवार, म्हणून रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप आणि मागून धिरडी. धिरड्यावर जॅम. जॅम हे फळ आहे. फळ चालतं, हे नर्स स्वतः म्हणाली होती. बायको म्हणाली, कुणाला पळीने फळ खाताना प्रथमच पाहतेय. गुनवोरला शास्त्र कळत नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
उपाय सापडला! इच्छा मारायची तर त्या वस्तूचा वीट आणायचा, आणि वीट आणायचा तर ती हाताशी हवी. चार सेम्ल्यांचा बॉक्स आणला. बाल्कनीत, स्कीच्या मागे, बर्फात पुरला. कडाक्याची थंडी आहे, टिकतील. गुनवोरला बोललो नाही. उगाच तिच्या तोंडाला पाणी सुटायचं.

रविवार, ८ फेब्रुवारी
वीट यावा म्हणून एक खाल्ला. दगडासारखा. दात ठणकले. वीट आला नाही, पण सुरुवात चांगली आहे. गुनवोर म्हणाली, मिशीला काय लागलंय? बर्फ. ती म्हणाली, बर्फाला बदामाचा वास येतोय.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
तीन गेले. आज क्रीम हातमोज्याला लागलं. चाटलं. लोकरीचा धागा दाढेत अडकला, अजून निघत नाही. स्वतःचीच शिसारी आली. म्हणजे उपाय लागू पडतोय.

आता एकच उरलाय. शेवटचा घ्यायचा नाही, ही आईची शिकवण. अर्धा कापला. थोड्या वेळाने उरलेल्याचा अर्धा. मग त्याचाही. बोटभर शिल्लक आहे. त्याला हात लावणार नाही. निग्रह म्हणतात तो हाच.

शनिवार, १४ फेब्रुवारी
टिंड्रा बर्फाचे गोळे रचून मेणबत्तीचा कंदील करायला बाल्कनीत गेली आणि बॉक्स घेऊन आली. आत तो तुकडा आणि माझी सुरी. खाऊन टाकला असता आणि बॉक्स फेकला असता तर काही झालं नसतं. चांगल्या वळणाचं हे फळ.

म्हणाली, आजोबा, हे कुणाचं? म्हटलं, पक्ष्यांचं. म्हणाली, पक्षी सुरीने कापून खातात? गुनवोर माझ्याकडे बघत होती. मग पोरीनेच विचारलं, माझ्यासाठी ठेवला होतास? चेहरा असा फुलला होता तिचा. म्हटलं, हो गं, तुझ्यासाठीच.

तिने तुकड्याचा वास घेतला. तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं. मग म्हणाली, नको. आपलं ठरलंय ना. आणि पक्ष्यांसाठी कठड्यावर ठेवून आली. मी गुनवोरला म्हटलं, बघ, संस्कार! गुनवोर उठून आत गेली.

संध्याकाळी मालिन न्यायला आली. टिंड्रा दारातच ओरडली, आई, आजोबाने माझ्यासाठी सेम्ला लपवून ठेवला होता, पण मी नाही खाल्ला! शाबासकीसाठी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मालिन मला म्हणाली, बाबा, एकच गोष्ट सांगितली होती तुला.

मीच सगळे खाल्ले, एवढं म्हटलं असतं तर मिटलं असतं. माझं मी बघावं, हे तीच म्हणाली होती. मी म्हणालो, तुकडा लहानच होता.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
सेम्ल्यांचा सण. सगळा देश नाकाला फेस लावून बसलाय. बिर्गरने माझ्यापुढे अख्खा ठेवला. खाल्ला नाही. इच्छाच नव्हती. नर्सला सांगायला हवं.

गुनवोर म्हणाली, मालिनला फोन कर, एका वाक्याचं काम आहे. वाक्य लहान आहे हे खरं.

शनिवार, २१ फेब्रुवारी
टिंड्रा नाही. गुनवोरने तिच्या खुर्चीवरची उशी धुवायला टाकली. घर खायला उठलंय.

सकाळी फोन केला. सगळं सांगायचं पक्कं ठरवून. म्हटलं, मालिन, त्या बॉक्समधलं थोडं मीही खाल्लं होतं. ती म्हणाली, थोडं म्हणजे किती? म्हटलं, अर्धं.

मागून टिंड्राचा आवाज आला. आजोबा आहे का? त्याला सांग, मी अजून खाल्लं नाही.

मालिन म्हणाली, ऐकलंस? बरं, आणि उरलेलं अर्धं कुणी खाल्लं, बाबा? वाट बघत होती. मी म्हणालो, रस्त्यावर बर्फ फार आहे, गाडी जपून चालव. ती घरीच होती. कुठेही निघाली नव्हती.

बाल्कनीत गेलो. तुकडा कठड्यावर तसाच. पक्ष्यांनीही घेतला नाही.

अर्धा कापून खाल्ला.