सित्रातली सात गावं

९ फेब्रुवारी १९७८, गुरुवार

तार इथल्या, आखातातल्या ऑफिसच्या पत्त्यावर आली. आमचा मॅनेजर पार्किन, त्याच्या सेक्रेटरीने आधी स्वतः वाचली, मग चेहरा लांब करून मला दिली. ‘दादासाहेब मंगळवारी गेले. गादी मोकळी. ताबडतोब यावे.’ खाली कारभाऱ्यांचं नाव.

भाऊ गेला. आणि लगेच दुसऱ्या वाक्यात गादी. धीर म्हणून धरवत नाही या लोकांना.

कसली गादी? सात गावं, एक गंजलेली तोफ, भिंतीवर आजोबांनी मारलेल्या सांबराचं डोकं. संस्थान विलीन झालं तेव्हा मी शाळेत होतो. पुढे तनखाही बंद झाला. तरी दादा ‘राजेसाहेब’ आणि मी ‘धाकटे’. विसाव्या वर्षी त्यांच्यासमोर सात पावलं मागे सरकत मुजरा घातला होता. सख्ख्या भावाला. तेव्हाच ठरवलं, पुन्हा कुणापुढे वाकायचं नाही आणि कुणाला आपल्यापुढे वाकू द्यायचं नाही. इंजिनीयर झालो ते त्यासाठीच.

पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. पार्किन म्हणाला, तेलाच्या टाक्यांचं काम संपेपर्यंत लीव्ह नाही, सॉरी. अंत्यसंस्कार तर होऊनही गेले. चुलतभावाने अग्नी दिला असेल. दादांना मूल नाही.

रडू आलं नाही. नुसता राग येतोय.


१० फेब्रु., शुक्रवार

सकाळी झिंज भागातल्या आमच्या बिल्डिंगचा जिना माणसांनी भरला. सित्राच्या कामगार कॅम्पातले आमचे सगळे. त्रेचाळीस. सगळ्यांची डोकी भादरलेली! खालच्या मजल्यावरच्या पाकिस्तानी बाई दार उघडून बघत राहिल्या.

हे सगळे आमच्या सात गावांचे. आठ वर्षांपूर्वी भिकाजीला मी व्हिसा मिळवून दिला, त्याने मेव्हण्याला आणलं, मेव्हण्याने गावाला. टाक्या खरवडायच्या, रंगवायच्या, व्हॉल्व्ह बदलायचे. कंपनी एकच, मी नोकरी करतो तीच. किती वेळा सांगितलं, मी इथे मेंटेनन्स इंजिनीयर आहे, मला साहेब म्हणा. म्हणतात, “होय, सरकार.”

भिकाजी पुढे. वय पन्नाशीचं, शब्द मोजून. “सरकार, थोरले गेले. आता हत्यार ठेवूक होया ना?”

आमच्याकडची रीत अशी, की राजा गेला की सात गावांत कुणी हत्यार उचलायचं नाही. नांगर नाही, कोयता नाही, सुताराचा रंधाही नाही. नवा गादीवर बसतो, प्रत्येकाचं हत्यार आपल्या हाताने उचलून देतो, मग कामं सुरू. गादीला सुतक नसतं, त्यामुळे नवा दुसऱ्याच दिवशी बसतो आणि कुणाचं काही अडत नाही.

मला ते जिन्यावरून जायला हवे होते. डोकं दुखत होतं. म्हटलं, “रीतीप्रमाणे करा काय ते.”

सगळे वाकले. दार लावून घेतलं.


११ फेब्रु., शनिवार

बस कॅम्पातून रिकामी आली.

पार्किनने केबिनमध्ये बोलावलं तोवर मला पत्ताच नव्हता. “स्ट्राइक?” म्हणाला. आवाज चढवत नाही, हाच त्याचा चढलेला आवाज. तीन टाक्या उघड्या पडल्यात, शटडाऊनची तारीख ठरलेली आहे, आणि माणसं बिछान्यावर बसलीयत. त्यांचं म्हणणं काय, मागणी काय?

मागणी काही नाही म्हटलं. त्यांचा राजा वारला.

त्याने पेन उचललं. “कुठला राजा?”

माझा भाऊ, हे काही तोंडातून निघेना. शेवटी सांगितलं. तो हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही. लिहून घेतलं.

दुपारी कॅम्पात गेलो. गेल्या गेल्या आवाज चढवला. हे सित्रा आहे, आपलं करंजघोळ गाव नाही. इथे कामावर न जाणं म्हणजे संप, आणि संप म्हणजे सरळ विमानात. कळतंय का?

भिकाजी म्हणाला, “तुमीच सांगलास, सरकार. रीतीपरमाणां करा म्हणान.”

सगळ्यांसमोर तोंडात मारल्यासारखं झालं. कारण खरं होतं. त्यांना जिन्यावरून घालवायला म्हणून बोललो. चाळीस वर्षांत माझं कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते नेमकं हे.


१२ फेब्रु., रविवार

शहरात, मनामात जाऊन ट्रंक कॉल लावला. दोन तास बाकड्यावर. लाइन मिळाली ती कारभाऱ्यांच्या घरची. ओरडून विचारलं, तिकडे हत्यार कधी मोकळं होणार?

“कसलं हत्यार?” म्हणाले. “अहो, इकडे कोण पाळतंय आता? ट्रॅक्टर चालू आहे. गिरणी चालू आहे. त्या दिवशी स्मशानातून लोक परस्पर कामावर गेले. तुम्ही कधी येताय ते बोला. नाहीतर वहिनीसाहेब माहेरचा मुलगा दत्तक घेतील.”

घेऊ देत. खुशाल घेऊ देत!

तिथून थेट कॅम्पात. सांगितलं, बाबांनो, गावातच कुणी पाळत नाही, तुम्ही कशाला? मला वाटलं सुटलो.

मग एक वेल्डर, कोनाळकरांचा, मागून म्हणाला, “गावान सोडल्यान म्हणान आमी सोडूचां काय? आमच्याकडे हडे दुसरां काय आसा?”

पत्र्याची खोली. आठ बिछाने. प्रत्येक खोलीत एकेका गावाची माणसं, तीही मानाच्या क्रमाने. पहिल्या गावाची खोली नळाजवळ. हे मला आजपर्यंत दिसलंच नव्हतं. आठ वर्षं या कॅम्पात येतोय, पंखे मोजायला.

“मग यातून वाट काय?” विचारलं.

भिकाजी म्हणाला, “तुमी बसा. मगे आमी कामाक जातांव.”

नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. गाडीत बसून तिसऱ्यांदा एकटाच नाही म्हटलं.


१३ फेब्रु., सोमवार

पार्किनने मुदत दिली. उद्या सकाळी सातपर्यंत माणसं साइटवर हवीत. नाहीतर त्रेचाळीस तिकिटं. हेड ऑफिसशी बोलून झालंय.

घरी जेवताना सुमतीला सांगितलं. ती पोळी करत होती, मान वर न करता म्हणाली, “मग बसा ना. पाच मिनिटांचं काम.”

पाच मिनिटांचं! हिला काय माहीत. मी बसलो की मी दादांच्या जागी. आयुष्यभर ज्याला नावं ठेवली ते सगळं अंगाला चिकटणार. आणि रीतीतला दुसरा भाग ती विसरतेय. हत्यार ज्याच्या हातून घेतलं, त्याच्यावर माणसाची जबाबदारी. कायमची. हा जन्मभराचा ठेका आहे, मुकादमी नव्हे.

“तुमचा राग दादांवर,” ती म्हणाली, “आणि विमानात बसणार भिकाजी.”

ताट सरकवून उठलो. असलं खरं बोलायची काही गरज होती का?

मीनलने विचारलं, “बाबा, आर यू द किंग नाऊ?” अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. गाढव आहे म्हटलं, किंग नाही. तिला ते फार आवडलं.

टेबलाच्या खणात दादांचं शेवटचं पत्र होतं. दसऱ्याला आलेलं. उघडलं नव्हतं, कारण त्यात दरवर्षी तेच, गावी ये. आज फोडलं. गावी ये असं कुठेच नाही. गुडघे दुखतात. थंडीत पहाटे चहा लागतो, पण चूल पेटवायला कुणाला उठवणं बरं वाटत नाही. तिकडे चांगले थर्मास मिळतात असं ऐकतो. जमल्यास एक पाठव. आपला, दादा.

एक थर्मास. मनामाच्या बाजारात ढिगाने लावलेले असतात. चार महिने खणात पडून होतं. मी काय माणूस आहे?


१४ फेब्रु., मंगळवार

बसलो.

साडेपाचला कॅम्पात गेलो. म्हटलं, चला, जे काय करायचं ते लवकर. पण हत्यारं कॅम्पात कुठली? ती स्टोअरमध्ये, कुलपात. मग सगळी वरात बसने साइटवर. बसमध्ये बसू की नको यावर पुन्हा चर्चा. शेवटी ठरलं, बस काही हत्यार नव्हे.

स्टोअरच्या खिडकीसमोर केबलचं रिकामं ड्रम आडवं पाडलं. त्यावर कंपनीचं करडं ब्लँकेट, घडी घालून. हीच गादी. एकाने लग्नाला म्हणून जपून ठेवलेला गुलाबी फेटा काढला. मला बांधता येत नाही. भिकाजीने बांधला. प्रत्येक पेचाला मान लववत होता, त्यामुळे मला आणखीच राग आला.

बसलो तसं पुढचं सगळं आवार वाकलं. मी डोळे मिटून घेतले.

मग हत्यारं. स्टोअरकीपर कुट्टी, केरळचा, नियमाचा पक्का. सहीशिवाय एक पाना बाहेर देणार नाही. आणि माणसं स्वतः सही करून घेणार नाहीत, कारण हत्यार माझ्या हातून हवं. म्हणजे प्रत्येक चिठ्ठीवर मीच सही करायची. पाना, सही. हातोडा, सही. तारेचा ब्रश, सही.

त्यात पहिल्या मानावरून दोन गावांची जुंपली! सहा चाळीस झालेले. पहिलं हत्यार करंजघोळचं की कोनाळचं? आजोबांच्या वेळी म्हणे कोनाळचं होतं, तोफेच्या प्रकरणानंतर बदललं. मी ड्रमवर उभा राहून असा ओरडलो, की गेटवरचा पोलीस आत आला. “ज्याला विमानात बसायचंय त्याने मान घ्यावा! बाकीच्यांनी रांग लावा!”

लगेच रांग लागली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “अगदी आबासायबांसारखे ओरडतत.” आबासाहेब म्हणजे माझे वडील.

भिकाजी सगळ्यात शेवटी आला. त्याला गंज पाडायचा चिपिंगचा हातोडा दिला. त्याने तो कपाळाला लावला आणि टाकीकडे चालू पडला. सात वाजायला चार मिनिटं होती.

जीव भांड्यात पडला. खोटं कशाला लिहू? पाच मिनिटं बरंही वाटलं.


१५ फेब्रु., बुधवार

पार्किन. टेबलावर काल सही केलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

“म्हणजे पहिल्या दिवशीच हे थांबवणं तुझ्या हातात होतं.”

होतं म्हटलं.

“आणि सुरूही तूच केलंस?”

एका वाक्याने केलं. चुकून. हे इंग्रजीत सांगायला गेलो तर फारच मूर्खपणाचं वाटलं.

त्याने एक फॉर्म पुढे केला. हेड ऑफिसला तीन नावं हवीत. ज्यांनी चिथावलं त्यांची. तीन परत जातील, बाकी चाळीस राहतील, विषय खलास. शनिवारपर्यंत. “तुझी माणसं आहेत. तुलाच माहीत असणार.”

तळपायाची आग मस्तकात गेली. चिथावणार कोण? भादरलेल्या डोक्यांनी बिछान्यावर मुकाट बसून राहणारी माणसं! पार्किन वाईट माणूस नाही, हे सगळ्यात वाईट. त्याला खरंच वाटतं की त्याने मला स्वस्तात सोडवलं.


१७ फेब्रु., शुक्रवार

बातमी कॅम्पात पोचली होतीच. कुट्टीने पोचवली असणार.

सकाळी भिकाजी आला, आज एकटा. बरोबर चिठ्ठी. सात गावांनी बसून तीन नावं काढलीयत. पहिलं त्याचं.

“माझां वय झालां, सरकार. ह्या दोघांची लग्नां व्हवची आसत, म्हणजे मागे बायकापोरां नाय. कोणाचां अडाचां नाय.”

कुणी विचारलं होतं तुम्हाला? मी ओरडलो. माझी माणसं निवडून देणारे तुम्ही कोण?

‘माझी माणसं’ हे माझ्या तोंडून गेलं. त्याने ऐकलं, मीही ऐकलं. सुमती चहा घेऊन आली, तो उभ्यानेच प्याला, कप विसळून ठेवला आणि गेला.

चिठ्ठी फाडली.

दुपारी मनामात जाऊन थर्मास घेतला. मोठा, निळा. कुणासाठी, ते विचारू नये.


१८ फेब्रु., शनिवार

फॉर्म दिला.

तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीवर माझं नाव. आद्याक्षरं नाहीत, पूर्ण. दादांच्या तारेवर येत असे तसं, मागचं-पुढचं सगळं लावून. ओळ पुरली नाही, समासात गेलो. खालच्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली.

पार्किन म्हणाला, “हे मी मागितलं नव्हतं.”

म्हटलं, हुकूम कुणी दिला ते विचारलंत. हाच तो. दुसरा कुणी नाही.

“तुला बायको आहे. मुलगी शाळेत आहे.”

माहीत आहे म्हटलं. आवाज चढला माझा. त्याला कशाला त्यांची काळजी?

त्याने फॉर्म खणात टाकला. “सोमवारपर्यंत थांब. मी बोलून बघतो.” तुझ्यासाठी की तीन नावांसाठी, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी येऊन सुमतीला सांगितलं. तिने माळ्यावरची ट्रंक खाली काढली, पुसली, आणि पुन्हा वर ठेवली. मग म्हणाली, “रागाने केलंत की विचार करून?”

रागाने, म्हटलं.

“मग ठीक आहे,” म्हणाली. ही बाई मला चौदा वर्षांत कळलेली नाही.

संध्याकाळी कॅम्पात गेलो. सगळे बाहेर येऊन उभे राहिले, गावागावाने. भिकाजीने विचारलं, “सरकार, सोमवारी काय होतलां?”

मला ठाऊक नाही, असं सांगायला तोंड उघडलं. त्रेचाळीस तोंडं माझ्याकडे लागलेली.

“बस साडेपाचला आहे,” म्हटलं. “उशीर करू नका.”