दस्त्यावरची हरणी

मस्तगड, माघ वद्य पंचमी, दिवेलागण

किळस आली आज. सकाळी देशमुख ठासणीची बंदूक घेऊन दुकानात आल्ते. लाकडी दस्त्यावर हरणी कोरायची, परवा मारलेली. गाभण होती म्हणे!

"मिस्त्री, पोट बराबर फुगलेलं दिसलं पाह्यजे. एका गोळीत दोन!" वर स्वतःच हसले.

फासेपारधीसुद्धा गाभण हरणी सोडून देतात. ह्यांना ती मिरवायची!

तरी बंदूक ठेवून घेतली मी. दिवसभर ते पोट कोरून राह्यलो. हात धुतले तरी ते पोट बोटांवरून जाईना.

नेम धरताना गाल टेकतो, ती जागा आम्ही कधी कोरत न्हाई, गाल खरचटतो. हरणीचा डोळा मी नेमका तिथंच कोरलाय. खोल.

धरा आता नेम.