दुसरी वाटी

मिठबाव, ७ मे २००४

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी आज बजावलं, रक्तात साखर वाढलीय, जुळ्यांच्या वेळी हा धोका जास्तच, गोड बंद. घरी आले तर खापरोळ्या, आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसाच्या दोन वाट्या. जुळी आहेत कळल्यापासून सासूबाई मला सगळं दोनदा वाढतात. डॉक्टरांचं सांगितलं, तर म्हणाल्या, “एक वाटी एकाची, दुसरी दुसऱ्याची. एकाक उपाशी ठेवतलंस गो?”

उपाशी! त्या एका शब्दावर मी वाटी उचलली. पहिली वाटी त्यांच्यासाठी संपवली, ठीक. पण त्या उठून गेल्यावर दुसरी कुणासाठी संपवली मी?

आत्ता दोघंही एकदम हलताहेत. एरवी ह्यांना हाक मारून पोटावर हात ठेवायला लावते. आज हाक मारवत नाही.