डावी पाकळी

आबा, परवा आपल्या देवराईत कौल लावला आणि डावी पाकळी पडली. देवीनं नको म्हटलं. तुमच्या लाडक्या लेकाचं तोंड बघायला तुम्ही हवे होता.

मी दहावीत होते तेव्हा पुजारी तुम्ही. पाकळ्यांची परडी धरायचं काम घरच्या लेकीचं, म्हणजे माझं. तुम्ही देवीच्या दोन्ही बाजूंना पाण्यानं पाकळ्या लावायचा. उजवी पडली तर झाड तोडायची परवानगी, डावी पडली तर कुऱ्हाड माघारी. त्या वेळी थोरल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी दार लिंपून अंड्यांवर बसलेली. नर फटीतून फळं भरवायचा. मी रोज बघत होते. उजवी पडली. झाड मागायला आलेला लाकूडवाला हसला. पण डावीवर मुंग्या चढत होत्या. बोट लावलं तर चिकट, गुळाचं पाणी. "आबा, ही चिकटवलीय की," म्हटलं, आणि गावासमोर तुम्ही थोबाडीत दिलीत. झाड पडलं. मादी आतच मेली. नर कितीतरी दिवस चोचीत फळ धरून त्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालत होता. मी पास झाल्यावर तुम्ही पेढे वाटलेत. माझा पेढा मी गाईला घातला.

लग्न होऊन कोल्हापुरात आले, तरी महिन्यातनं एकदा एसटीनं गावी जाते. देवराईच्या समितीची वही माझ्याकडं आहे. वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, होळीआधी कडेनं गवत काढून जाळपट्टा करायचा, कोण कुऱ्हाड घेऊन दिसलं ते लिहायचं. वनरक्षक ती वही वाचूनच गस्त ठरवतात. धनेश परत आलेत, आबा.

तुमच्या माघारी आता दादा पुजारी. हॉटेलच्या रस्त्यासाठी त्याला वरची झाडं काढायची होती. समिती नको म्हणाली तर म्हणाला, देवीलाच विचारू. परडी अजून माहेरवाशिणीच्याच हातात असते, हे तो विसरला. उजवीकडची पाकळी मी गुळाच्या पाण्यात बुडवून दिली. डावी पडली. त्यानं तीनदा कौल लावला, तिन्ही वेळा तेच. मग उजवीवर मुंगी दिसली त्याला. बोलला असता तर गावाला तेव्हाच्या मुंग्या आठवल्या असत्या, तुमचं बिंग फुटलं असतं. वाकून कानाशी म्हणाला, "आबांची लेक शोभतीस." इतकी वर्षं जळणारा गाल तेव्हा कुठं निवला. मला पस्तावा नाही, तुम्हाला माफीही नाही.

हे पत्र त्या तोडलेल्या बेहड्याच्या बुंध्यापाशी ठेवणार होते. पण देवराईत कागद टाकायचा नाही, नियम माझाच. म्हणून देव्हाऱ्यातल्या पोथीत घडी घालून ठेवते.

देवीला खरंच काय हवं होतं, ते तुम्ही विचारलं नाहीत, मीही नाही. घरात गुळाची अख्खी ढेप आहे, पण परवापासून नैवेद्याला मी साखर ठेवते.