फाटकापाशी उभा असलेला माणूस

१२ नोव्हेंबर १९८६, बुधवार

कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीत आज तो सिनेमा दिसला. अंतराळात गेलेल्या माणसाचा. चार महिन्यांची सफर करून परत येतो, तर इथे पृथ्वीवर चाळीस वर्षं उलटलेली. मागे सोडलेली छोटी मुलगी आता त्याच्याहून मोठी. लायब्ररीवाला म्हणाला, "बाई, हा तुमच्यासाठी नाही, कॉलेजची पोरं नेतात. डायलॉग पाठ आहेत त्यांना."

म्हटलं, मी हा सत्तर साली पाहिलाय. थिएटरात.

ह्यांना आणि मीनाला घेऊन. रविवारचा सकाळचा शो. मीना चौदा वर्षांची.

कॅसेट घरी आणली खरी, पण आपल्याकडे व्हीसीआर कुठे आहे? शेजारच्या कोकिळाबेनना विचारायला हवं.

१३ नोव्हें.

दुपारी को.बेनकडे पाहिला. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. "चाळीस वर्ष फिरला तरी दाढी कशी नाय वाढली याची?" मी म्हटलं, त्याचे चारच महिने झालेत. "मग चार महिन्याची तरी वाढेल ना."

शेवट आलाच नाही. माणूस आपल्या गावच्या रस्त्याला लागला आणि एकदम फटाफट गाणं सुरू. दुसरा सिनेमा, हिंदी.

संध्याकाळी कॅसेट परत द्यायला गेले. लायब्ररीवाल्याला काहीच वाटलं नाही. "एका कॅसेटमध्ये दोन पिक्चर बसवायचे तर शेपूट कापावी लागते. तशीही पब्लिक शेवटाला उठतेच."

खरं आहे ते. आम्हीही उठलो होतो. कुठलाही सिनेमा असो, संपायच्या पाच मिनिटं आधी ह्यांचा हात माझ्या कोपराला लागायचा. "चला, बसच्या रांगेत पहिला नंबर लागेल." तीस वर्षांच्या संसारात मी एकही सिनेमा धड शेवटापर्यंत पाहिला नाही. जे काही पाहिलं ते दाराकडे जाताना, अंधारात, मान वळवून.

त्या दिवशी मीना उठेना. "बाबा, संपलं नाहीये अजून." हे म्हणाले, "कळलं काय होणार ते. चल." मान वळवून मी एवढंच पाहिलं: माणूस एका घराच्या फाटकापाशी उभा आहे आणि पायरीवर एक पिकल्या केसांची बाई आली आहे. त्याची मुलगी.

बसमध्ये वाद. हे म्हणाले, ती त्याला ओळखणार नाही, कशी ओळखेल? मी म्हटलं, मुलगी बापाला ओळखेलच, फाटक उघडेल, आत नेईल. मीना खिडकीबाहेर बघत होती.

१५ नोव्हें., शनि.

मीना नंतर एकटी जाऊन शेवट पाहून आली होती. कॉलेजात गेल्यावर. मी विचारलं, काय होतं गं? म्हणाली, "तूच बघ जाऊन." तेव्हा रागच आला होता. नंतर कळलं, एकटी नव्हती, अँथनीबरोबर गेली होती.

लायब्ररीवाल्याला सांगून ठेवलंय, पूर्ण कॅसेट मिळाली तर बघ. त्याचा भाऊ मालाडला आहे, तिथे विचारतो म्हणाला.

१९ नोव्हें.

काही नाही. एकटीचा स्वयंपाक. वाटीभर आमटी केली, तीही उरली.

को.बेन विचारत होत्या, त्या माणसाचं पुढे काय झालं. मी म्हटलं, अजून कळायचंय.

२३ नोव्हें., रवि.

शिवणयंत्राच्या खणातली मीनाची कार्डं काढली. अकरा. दर नाताळला एक, मढहून. ह्यांना कधी दाखवली नाहीत. ते विचारायचेही नाहीत, आणि पोस्टमन आला की मुद्दाम आंघोळीला जायचे. आता हे लिहिताना वाटतं, त्यांना माहीत असणार.

एकाही कार्डाला उत्तर पाठवलं नाही.

सहाव्या वर्षापासून मी नन्सच्या हाताखाली वाढले. त्यांची गाणी अजून तोंडपाठ. नाताळात त्या गोठा मांडायच्या, बाळ येशूला गवत मीच अंथरायचे, कारण सिस्टर म्हणायच्या माझा हात हलका आहे. हे आपल्या मित्रांना कौतुकाने सांगायचे, "आमची ही कॉन्व्हेंटची." आणि मीनाने लग्नासाठी अँथनीचं नाव घेतलं तेव्हा तीच मी, "लोक काय म्हणतील" म्हणणारी. ह्यांनी दार लावलं हे खरं. पण ते दार लावत होते तेव्हा मी मध्ये आले नाही.

२४ नोव्हें.

पूर्ण कॅसेट आली. पाहिला.

माणूस फाटकाशी येतो. मुलगी पायरीवर येते. दोघं बघत राहतात, फार वेळ. मग ती मान वळवून घरात कुणाला तरी हाक मारते. वाऱ्याचा आवाज इतका मोठा की शब्द ऐकू येत नाहीत. पडदा काळा.

बस्स. फाटक उघडत नाही. सोळा वर्षं मी समजत होते, उघडलं.

को.बेन चिडल्या. "हे काय? आत जाते की नाय? नोकराला बोलावते काय, कोणी चोर आला म्हणून?" मी म्हटलं, नसेल ओळखलं तिने. म्हणजे हेच बरोबर होते.

२५ नोव्हें.

नाही. ओळखलंय तिने. मला माहीत आहे, ओळखून न बोलता उभं राहणं कसं दिसतं ते.

हे गेले त्या दिवशी, मार्चमध्ये. घर बायकांनी भरलेलं. मी खिडकीशी बसले होते. खाली सोसायटीच्या फाटकापाशी मीना. निळी साडी. सोबत सातआठ वर्षांची मुलगी, लाल रिबीन. मीना वर बघत होती. माझी तिची नजरानजर झाली. अकरा वर्षांनी.

तिने वाट बघितली. मी हाक मारली नाही. नणंद शेजारी बसली होती, आणि मला वाटलं, वर यायचं असेल तर येईल आपणहून. घर तिचंच आहे.

तासभर होती. मग नव्हती.

हे कुणाला सांगितलेलं नाही.

२७ नोव्हें.

पुन्हा पाहिला. को.बेननी स्वतःच लावला. त्यांनाही आता चैन पडत नाही. शेवट मागे घेऊन तीनदा. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "अरे, कडी तर त्याच्या बाजूला आहे."

खरंच आहे. बाहेरून लावायची कडी, लोखंडी, त्याच्या कमरेशी. हात नुसता वर करायचा. तो करत नाही. आम्ही सगळे, ह्यांच्यासकट, त्या बाईकडे बघत राहिलो. ती ओळखते का, उघडते का. त्याच्या हातांकडे कुणाचं लक्षच नाही. चाळीस वर्षं दूर राहिला तो, आणि तिनेच यावं म्हणून उभा आहे.

को.बेन म्हणाल्या, "मग ती बिचारी हाकच मारेल ना. सांगत असेल घरात, बघा कोण आलंय, आत यायला लाजतंय."

असंही असेल. हा अर्थ मला सुचलाच नव्हता.

मी मीनाबद्दल अकरा वर्षं हेच म्हणत आलेय. तिला यायचं तर येईल. आणि ती आली होती, फाटकापर्यंत.

३० नोव्हें., रवि.

वर्सोव्याच्या धक्क्यावर गेले. पलीकडे मढ दिसतं, बोटीने पाचसात मिनिटं. पर्समध्ये कार्ड, त्यावरचा पत्ता. बोट लागली, माणसं चढली. टोपली घेतलेली एक कोळीण म्हणाली, "चढतेस का बाय, नाय तर बाजूला हो."

बाजूला झाले. म्हटलं, कुणाला तरी सोडायला आले होते.

घरी येऊन झोपून राहिले. मीनाने दारात विचारलं, आत्ताच का, बाबा गेल्यावरच का, तर काय सांगू? ह्यांच्यावर ढकलता येणार नाही. आणि तिने फाटक उघडलंच नाही तर? मग वर्षाचं कार्डही बंद होईल. तेवढं एकच तर येतं.

४ डिसें.

को.बेनना सगळं सांगितलं. खिडकीचंसुद्धा. त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही पण ना. सिनेमावाल्याला एवढा वेळ बोल लावला आपण."

रागावल्या होत्या. बरं वाटलं, कुणीतरी रागावलं म्हणून.

७ डिसें., रवि. सकाळी सव्वाअकरा. मढ.

मीनाच्या ओट्यावर बसून लिहितेय. काहीतरी हातात हवं म्हणून वही काढली.

ठरवून निघाले नव्हते. भाजीला बाहेर पडले आणि वर्सोव्याची बस आली. नारळाच्या वड्यासुद्धा आणल्या नाहीत. हातात भाजीची पिशवी, रिकामी.

फाटक नाही या घराला. दोन पायऱ्या आणि ओटा. अँथनीची आई दारात आली. माझ्याकडे बघत राहिली. नाव विचारलं नाही. "बसा. दोघं चर्चमधून परस्पर बाजारात गेलीत. बाराला येतील." ओळखलं असावं, मीनाची हनुवटी माझ्यावर गेलीय. पाणी दिलं आणि आत गेली. कालवणाचा वास येतोय.

मुलगी बाहेर आली. लाल फ्रॉक, पुढचा दात पडलेला.

"तुम्ही कुठून आलात?"

"अंधेरीहून."

"माझी आजी पण अंधेरीला राहते. पण ती कधी येत नाही."

मी विचारलं, का बरं?

"तिचे पाय दुखतात. मम्मी सांगते. बोटीत चढता नाही येत तिला."

अकरा वर्षं मीनाने माझी ही बाजू सांभाळली आहे, स्वतःच्या लेकीपाशी. मुलगी माझ्या चपलांकडे बघत होती.

"तुमचे पण दुखतात?"

म्हटलं, हो. दुखतात.

ती आत जाऊन पाट घेऊन आली, पाय ठेवायला. दोन्ही हातांनी सरळ केला, मग म्हणाली, ठेवा.

पाय पाटावर ठेवून बसले आहे. अजून चाळीस मिनिटं आहेत बाराला. उठून जायचं तर शेवटची संधी हीच. रस्त्यावर रविवारची माणसं, प्रत्येक बाई निळ्या साडीतली वाटते.