नोटीस उतरवायची राहिली

१४ नोव्हें., शुक्र.

रविवारी ऋचाचे आईवडील येणार. डोंबिवलीची माणसं, घरात कीर्तनाची परंपरा, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. अमेय म्हणतो, "आई, तू उगाच टेन्शन घेतेयस." त्याला काय जातंय बोलायला. लग्न जमायच्या आत लॉबीत पाऊल टाकल्या टाकल्या फिलोची पाटी दिसली, पापलेटं, कोलंबी, खाली ओघळलेलं पाणी, की झालं.

फिलोमिना चौकच्या कोळीवाड्यातून येते. मंगळ, शुक्र, रवि. आमच्या बिल्डिंगच्या लॉबीच्या पायरीवर बसते, आम्ही गिरगाव सोडून इंद्रलोकला आलो त्याच्याही आधीपासून. माझ्यासाठी बोंबील बाजूला काढून ठेवते. तिला सरळ सांगायचं होतं की या रविवारी नको येऊस. सकाळी दोनदा खाली गेले. "बाय, आज मांदेली बघ कशी हायेत." मांदेली घेऊन वर आले.

मग दुपारी ते केलं. सेक्रेटरी मीच, लेटरहेड घरातच. "सदस्यांच्या तक्रारी आल्यामुळे सोसायटीच्या आवारात मासळीविक्रीस पुढील सूचनेपर्यंत मनाई." तक्रार एकाचीही नाही. सोमवारी काढून टाकीन.

१६ नोव्हें., रवि.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, खूश होऊन गेले. गाडी मागच्या पार्किंगला लावली आणि तिथूनच लिफ्टने वर आले. लॉबी त्यांनी पाहिलीही नाही!

सकाळी वॉचमनने फिलोला गेटवर अडवलं. बाल्कनीतून दिसत होतं. त्याने नोटीस वाचून दाखवली असणार. तिने मान वर करून बिल्डिंगकडे पाहिलं. मी पडद्यामागे झाले. माझ्या घराकडे बघायचं तिला काही कारण नव्हतं. तरी झाले.

१८ नोव्हें.

नोटीस काढायला खाली गेले तर चेअरमन सावंत समोर. "बरं केलंत मॅडम. म्हणजे मला काही नाही हो, पण लोकांना त्रास होत असेल तर..." हे सावंत मालवणचे. सुरमई दिसली की यांचा आवाज बदलतो. मागून नाईकबाई, ६०४ च्या. "मलाही काही नाही हं, पण तक्रारी आल्यात म्हटल्यावर..." त्यांच्या कोलंबीच्या लोणच्याच्या बरणीवर अमेय वाढलाय.

दोघांपैकी एकानेही विचारलं नाही, कुणाच्या तक्रारी? मी नोटिशीची एक सुटलेली टाचणी नीट बसवली आणि वर आले. बसवली! काढायला गेले होते.

२२ नोव्हें.

मार्गशीर्ष लागला. अर्ध्या मराठी घरांत आता महिनाभर मासे नाहीत, आमच्याकडेही नाहीत. त्यामुळे फिलो येत नाही याची कुणाला उणीवच भासत नाही. महिना संपला की काढते. तेव्हा लोकच म्हणतील.

फिलो कोपऱ्यावरच्या मेडिकलपुढे बसते असं वॉचमन म्हणाला. तिथे सावली नाही.

२८ नोव्हें., शुक्र.

आज पहिली खरी तक्रार आली. लेखी. नाईकबाईंची. "लिफ्टमध्ये अजूनही मासळीचा उग्र वास येतो, कृपया दखल घ्यावी."

फिलोने दोन आठवड्यांत गेटच्या आत पाऊल टाकलेलं नाही.

ज्युनियर कॉलेजात इतकी वर्षं मानसशास्त्र शिकवलं. अभिवृत्ती, पूर्वग्रह, समूहाचा दबाव, बोर्डाच्या पेपरासाठी व्याख्या घोकून घेतल्या. एक खेळ करायचे मी. बाटली उघडायची, कापसावर दोन थेंब, "निलगिरीचं तेल आहे, वास आला की हात वर करा." पहिला बाक, दुसरा बाक, हात वर. मागची पोरं पुढच्यांकडे बघायची आणि तीही हात वर. बाटलीत नळाचं पाणी. मग मी सांगायचे आणि वर्ग हसायचा. माझा आवडता तास होता तो.

सांगण्याचा भाग सोडून बाकी सगळं केलंय मी या वेळी.

३ डिसें.

तक्रार करणाऱ्याचं नाव ठरलं. कुणी ठरवलं माहीत नाही. सावंत म्हणाले, "३०२ वाले असणार, दुसरं कोण?" नाईकबाई म्हणाल्या, "सगळे म्हणतायत ३०२." ग्रुपवर कुणीतरी ताटातल्या तळलेल्या बांगड्याचा फोटो टाकला, खाली, "सॉरी हां ३०२." हसरे चेहरे पुष्कळ.

३०२ म्हणजे मेहता, जैन. हसमुखभाई आणि कोकिलाबेन. सकाळी देरासरात पूजा, दुपारी हिशेबाचं काम, संध्याकाळी बाकावर. वासाबद्दल कधी एक शब्द नाही. उलट उन्हाळ्यात कोकिलाबेन फिलोला ताक आणून द्यायच्या, मी स्वतः पाहिलंय.

मी काय लिहिलं ग्रुपवर? काहीच नाही. म्हणजे "सर्वांनी शांतता राखावी, ही विनंती." त्याने तर पक्कंच झालं. नसतं तसं तर सेक्रेटरी नाही म्हणाल्या असत्या, हो ना?

९ डिसें., मंगळ.

हसमुखभाई जिन्यात भेटले. "सुनंदाबेन, वो कम्प्लेंट का लेटर आपके पास होगा ना? एक बार दिखाओ. सब लोग हमारा नाम लेते हैं, मैं लेटर दिखा के बोलूंगा, देखो भाई, हमारा नहीं है."

"फाईल में है. ढूंढना पडेगा," मी म्हणाले. शांतपणे. स्वतःची भीती वाटली मला.

ते "हां हां, आराम से" म्हणाले आणि माझी पिशवी पाचव्या मजल्यापर्यंत आणून दिली. लिफ्ट बंद होती.

१० डिसें.

अमेयला सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याला कळलं. "आता काय करणारेस? सगळ्यांना सांगणार, की ऋचाच्या आईबाबांना मासे दिसू नयेत म्हणून खोटी नोटीस लावली? साखरपुडा आहे गं फेब्रुवारीत. तिच्या कानावर गेलं तर काय वाटेल तिला?"

बरोबर आहे त्याचं. बरोबर आहे म्हणून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जेवण गेलं नाही.

१३ डिसें., शनि.

मेहतांच्या दारात कुणीतरी कोलंबीची सालं टाकली. पिशवी उलटी करून, रांगोळीवर.

मी पोचले तेव्हा कोकिलाबेन फरशी पुसत होत्या. नाकाला पदर नव्हता. मी फडकं मागितलं तर म्हणाल्या, "रहने दो बेन, हो गया." कोण असेल, हा विषयच काढला नाही. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

सावंतांना सांगितलं. "वाईट झालं, असं करायला नको होतं. पण लोकांचाही राग आहे ना मॅडम." लोकांचा. म्हणजे कुणाचा? या बिल्डिंगमध्ये लोक म्हणून एक कुणीतरी राहतो. त्याचा फ्लॅट नंबर मला माहितीय, माझाच आहे.

१४ डिसें., रवि.

कोकिलाबेन वर आल्या. बसल्या नाहीत. आमच्या घराची जास्तीची चावी त्यांच्याकडे असते, आम्ही राहायला आलो त्या आठवड्यापासून. ती टेबलावर ठेवली. "अब किसी मराठी के घर में रखो. कल कुछ इधर उधर हुआ तो फिर हमारा नाम आएगा."

मी म्हणायला हवं होतं. दार उघडं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं, त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. मी म्हणाले, "चहा तो लो." नाही म्हणाल्या.

२१ डिसें., रवि.

मार्गशीर्ष संपला. आता सगळ्यांना मासे आठवले. ग्रुपवर, "आपल्याच महाराष्ट्रात आपण काय खायचं हे ३०२ ठरवणार का?" खाली अंगठे. इतके अंगठे गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या प्रश्नालाही नव्हते. ज्यांनी महिन्यापूर्वी "बरं केलंत" म्हटलं तेच हे. त्यांना आठवतसुद्धा नाही. मला प्रत्येकाचं वाक्य पाठ आहे.

नोटीस आता काढता येत नाही. काढली तर "मेहता घाबरले" असं होणार. ठेवली तर "मेहतांनी ठेवायला लावली." सावंतांनी ४ तारखेला सभा बोलावलीय. विषय क्र. ३, मासळी.

२५ डिसें.

फिलो नाताळला दरवर्षी वर येते, करंज्या घेऊन. यंदा गेटबाहेर उभी राहिली, चांगलं लुगडं, केसांत फुलं. वॉचमनने इंटरकॉम केला, मी खाली गेले.

"बाय, तुज्यावं माजा राग न्हाय. तू काय करशील, लोकांनी कंप्लेन केली. पन कोनी केली तेवडं सांग मना. मी त्याच्या पाया परते. पानी सांडते तं पुसून काडीन." मेडिकलवाला आता बसू देत नाही म्हणाली. रोज जागा शोधावी लागते, जुनी गिऱ्हाइकं फुटली, उरलेली मासळी परत घेऊन जाते.

ती ज्याच्या पाया पडणार होती त्याच्या हातात तिने करंज्यांचा डबा दिला. मी घेतला. "मेरी ख्रिसमस" म्हटलं.

वर येऊन रडले. रडण्याने काय होतं, करंज्या तर खाल्ल्या.

३ जाने., शनि.

लिहून काढलं, कागदावर, सभेत वाचायला. पाच ओळी. तक्रार कुणाचीही नव्हती. नोटीस मी माझ्या सोयीसाठी लावली. मेहता कुटुंबाची व फिलोमिनाबाईंची क्षमा मागते. सेक्रेटरीपद सोडते. अमेयला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, मग म्हणाला, "ऋचाला मी सांगतो आधी." शहाणा आहे माझा पोरगा. मी नाही.

४ जाने., रवि.

सभा पार्किंगमध्ये. खुर्च्या भरल्या, लोक उभे. कागद पर्समध्ये. विषय एक, लिफ्ट. विषय दोन, रंगकाम. सावंत म्हणाले, "विषय क्र. ३. सेक्रेटरी मॅडम वाचतील." मी पर्स उघडली. उठायलाच लागले होते. खरंच लागले होते.

मागून हसमुखभाई उभे राहिले. हात जोडलेले. "एक मिनट, सावंतसाहेब. लिख लीजिए. कम्प्लेंट हमारी थी. गलती हो गई. सबसे माफी मांगता हूं. हम वापस लेते हैं, मच्छीवाली बाई को आने दो. बस, अब झगडा नहीं चाहिए."

कोकिलाबेन त्यांच्याकडे बघत होत्या, तोंड किंचित उघडं. त्यांना ठाऊक नव्हतं हे.

सावंत म्हणाले, "वा! याला म्हणतात मनाचा मोठेपणा." आणि टाळ्या वाजवल्या. मग नाईकबाईंनी. मग सगळ्यांनी. कुणीतरी जाऊन हसमुखभाईंच्या पाठीवर थाप मारली, त्यांना माफ करून टाकलं.

माझा कागद मांडीवर पडला होता, कारण दोन्ही हात टाळ्या वाजवत होते.

नंतर जिन्यात गाठलं त्यांना. "हसमुखभाई, कम्प्लेंट आपकी नहीं थी."

"मालूम है."

"फिर क्यों..."

"नाम तो सबने पहले ही लिख दिया था, बेन. मैंने तो बस साइन किया." दोन पायऱ्या चढले, थांबले. मागे वळले नाहीत. "और किसकी थी, वो अब मत बताना. मुझे इसी बिल्डिंग में रहना है."

त्यांना माहीत आहे? कधीपासून? पिशवी उचलली त्या दिवशीही होतं?

५ जाने.

काल रात्रीपासून एक सबब मनात घोळतेय. आता मी बोलले तर त्यांना चारचौघांत खोटं पाडल्यासारखं होईल. त्यांनीच सांगितलंय, बोलू नका. म्हणजे गप्प राहणं हा त्यांच्यावर उपकारच. ही सबब मला इतकी आवडलीय की त्यावरूनच कळतं ती कसली आहे.

अमेयने विचारलं, "वाचलंस?" मी म्हटलं, गरजच पडली नाही. त्याने ऋचाला सांगून टाकलं होतं. ती म्हणे एवढंच म्हणाली, "मग त्या काकांचं काय?"

६ जाने., मंगळ.

फिलो परत आली. लॉबीची तीच पायरी. सावंतांनी स्वतः नोटीस फाडली, त्यांना फोटो काढायचा होता. बायकांची झुंबड. खाली प्लास्टिक अंथरून बसलीय, पाण्याचा थेंब नाही बाहेर.

हसमुखभाई देरासरातून येत होते. फिलो उठली, ओले हात लुगड्याला पुसले आणि खरंच त्यांच्या पाया पडायला वाकली. "शेट, देव तुजं बरं करो. तू मागं घेतलीस म्हून मी आले." त्यांनी घाईने तिला अडवलं. "नहीं नहीं, बाई, ऐसा मत करो." चेहरा उतरला होता.

नाईकबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "काय काका, आता चालतो ना वास?" चेष्टेने, प्रेमाने अगदी. सगळे हसले. हसमुखभाईसुद्धा हसले.

आणि मी हसले. हातात बोंबलाची पिशवी घेऊन. हसू नये हे कळत होतं आणि सगळ्यांच्या बरोबर हसले. ते माझ्याकडे बघत होते तेव्हा.

सभेचे मिनिट्स लिहायला बसलेय. पुढच्या सभेत वाचून मंजूर करून घ्यायचे, की मग तेच खरं. "विषय क्र. ३: श्री. हसमुख मेहता यांनी" इथपर्यंत लिहिलंय. चावी अजून टेबलावरच आहे. मघाशी ती घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरले होते. दार उघडंच होतं, आत कोकिलाबेन भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर करायच्या आत परत आले.

खालून फिलोचा आवाज येतोय. मेहतांचं दारही उघडंच असेल अजून.